आवाज जुळला, म्हणजे काय जुळले?

नालासोपारा स्थानकात पूर्वेला उतरले की तुळिंज सुरू होते. एके काळचे गाव, आता चाळी, इमारती आणि रिक्षांच्या रांगांत मिसळून गेलेले. इथल्या पोलिस ठाण्यात २३ नोव्हेंबर २०२० रोजी वसईच्या एका तरुणीने लेखी तक्रार दिली. सोबत राहणारा तरुण मारहाण करतो, जिवे मारण्याची धमकी देतो, असे तिने त्यात लिहिले होते. पुढे तिनेच वाद मिटल्याचे लिहून दिले आणि कागद फायलीत गेला. मे २०२२ मध्ये दिल्लीत तिचा खून झाला. तिचे नाव साऱ्या देशाला ठाऊक आहे, ते इथे पुन्हा घेण्याची गरज नाही. या प्रकरणातल्या एका गोष्टीकडे मात्र तेव्हा फारसे कोणाचे लक्ष गेले नाही आणि तिचा संबंध विज्ञानाशी आहे.

त्या वर्षीच्या डिसेंबरच्या अखेरीस आरोपीला सीबीआयच्या दिल्लीतल्या केंद्रीय न्यायवैद्यक प्रयोगशाळेत नेऊन त्याच्या आवाजाचा नमुना घेण्यात आला. भांडणाची एक ध्वनिफीत तपास करणाऱ्यांच्या हाती लागली होती आणि तिच्यातला पुरुषाचा आवाज त्याचाच आहे का, हे ताडून पाहायचे होते. ९ मे २०२३ रोजी दिल्लीच्या साकेत न्यायालयाने आरोप निश्चित केले, आरोपीने ते नाकारले. निकाल देणे न्यायालयाचे काम आहे. पण ‘आवाजाचा नमुना घेतला’ अशी बातमी वाचली की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर एक यंत्र येते, ज्याला दोन फिती ऐकवल्या की ते ‘हो’ किंवा ‘नाही’ सांगून मोकळे होते. बोटांच्या ठशासारखे. तसे ते नाही. आणि आता न्यूरल नेटवर्कवर चालणारी आवाज ओळखणारी यंत्रणा बँका, मोबाइल आणि तपासयंत्रणांच्या हाती येत असताना हा गैरसमज महागात पडू शकतो.

बोटाचा ठसा हा शरीराचा भाग आहे, आवाज ही शरीराची क्रिया आहे. फुप्फुसांतून निघालेली हवा स्वरयंत्रातल्या दोन स्वरतंतूंना थरथरवते. प्रौढ पुरुषात ही थरथर सेकंदाला साधारण १०० ते १२० वेळा होते, स्त्रीमध्ये २०० च्या आसपास. नंतर घसा, तोंड, नाक, जीभ, ओठ त्या कच्च्या आवाजाला आकार देतात. हा सगळा मार्ग प्रौढ पुरुषात जेमतेम १७ सेंटिमीटरचा. त्याची लांबी-रुंदी प्रत्येकाची थोडी वेगळी, म्हणून आवाज वेगळा. पण सर्दी झाली की नाकाचा रस्ता बंद होतो, राग आला की स्वरतंतू ताणले जातात, वय वाढले की ते ढिले पडतात. एकच माणूस सकाळी उठल्यावर, फलाटावर ओरडताना आणि साहेबांपुढे उभा असताना वेगवेगळ्या आवाजांत बोलतो. त्यात जुन्या पद्धतीचा टेलिफोन ३०० ते ३४०० हर्ट्‌झ एवढाच पट्टा पुढे पाठवतो. म्हणजे ज्या मूळ कंपनामुळे आवाज जाड की बारीक हे ठरते, ते तारेतून येतच नाही. वरच्या कंपनांवरून आपला मेंदू त्याचा अंदाज बांधतो आणि आपल्याला वाटते की आपण ते ऐकले.

या बाबतीत मेंदूवर किती भरवसा ठेवावा? ओळखीच्या आवाजाच्या बाबतीत बराच. जन्मून दोन-तीन दिवस झालेले मूलही इतर बायकांच्या आवाजापेक्षा आईचा आवाज पसंत करते, हे १९८० साली अमेरिकेत प्रयोगाने दिसले. अनोळखी आवाजाची गोष्ट निराळी. वैमानिक चार्ल्स लिंडबर्ग यांच्या अपहृत बाळाच्या खंडणीच्या वेळी, एप्रिल १९३२ मध्ये, त्यांनी गाडीत बसून लांबून दोन-तीन शब्द ऐकले होते. १९३५ च्या खटल्यात ‘तोच हा आवाज’ अशी साक्ष त्यांनी दिली. आरोपीला पुढच्या वर्षी मृत्युदंड झाला. या साक्षीनंतर फ्रान्सिस मॅकगिही या मानसशास्त्रज्ञ बाईंनी अनोळखी आवाज किती दिवस लक्षात राहतो हे तपासले. १९३७ च्या त्यांच्या निष्कर्षांनुसार, एक-दोन दिवसांनी ८३ टक्के लोकांनी आवाज बरोबर ओळखला, पाच महिन्यांनी फक्त १३ टक्क्यांनी. लिंडबर्ग यांच्या साक्षीला पावणेतीन वर्षे उलटून गेली होती.

कानावर भागत नाही म्हटल्यावर आवाजाचे चित्र काढण्याची कल्पना आली. १९६२ मध्ये बेल प्रयोगशाळेतले लॉरेन्स कर्स्टा यांनी ‘नेचर’मध्ये लिहिले की अशा चित्रांवरून माणूस ९९ टक्क्यांहून जास्त अचूकपणे ओळखता येतो. ‘व्हॉइसप्रिंट’ हा शब्द त्यांनी रूढ केला आणि बहुतेक घोळ त्या शब्दानेच घातला, कारण तो ऐकताच ‘फिंगरप्रिंट’ आठवतो. १९७९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या समितीने या पद्धतीतली अनिश्चितता मोठी असल्याचे सांगून न्यायालयात ती फार जपून वापरावी असा सल्ला दिला. आपल्याकडच्या प्रयोगशाळा अजूनही तज्ज्ञाच्या कानाचा आणि अशा चित्रांचा आधार घेतात. त्यांच्या अहवालांत ‘हा आवाज बहुधा त्याच व्यक्तीचा’ अशा अर्थाचे वाक्य असते. त्यातला ‘बहुधा’ म्हणजे शंभरातले साठ की नव्याण्णव, हे अहवाल वाचून कळत नाही.

न्यूरल नेटवर्कने इथे खरा फरक पाडला. ही मेंदूतल्या चेतापेशींच्या जाळ्याची ढोबळ नक्कल करणारी गणिती रचना. तिला आधी हजारो माणसांची बोलणी ऐकवतात आणि ‘हा कोण?’ विचारतात. चुकली की आतल्या जोडण्यांची वजने किंचित बदलतात. असे लाखो वेळा. बोलण्याचे सेकंदाच्या चाळिसाव्या हिश्श्याएवढे बारीक तुकडे करून प्रत्येकातली कंपने मोजली जातात आणि या रचनेतून पुढे सरकतात. शिकणे संपले की नावे सांगणारा शेवटचा थर काढून टाकतात आणि त्याच्या अलीकडच्या थरातले आकडे ठेवतात. अमेरिकेच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये मांडलेल्या ‘एक्स-व्हेक्टर’ पद्धतीत असे ५१२ आकडे असतात. कोणत्याही नव्या माणसाचा आवाज दिला की त्याचे ५१२ आकडे मिळतात. दोन आवाजांचे आकडे एकमेकांच्या किती जवळ आहेत, हे मोजले की एक गुण मिळतो. यंत्राचे काम इथे संपते. यंत्र नाव सांगत नाही, ‘हो’ही म्हणत नाही. किती गुणांच्या पुढे ‘हो’ म्हणायचे, ती रेघ माणूस मारतो.

ती रेघ कुठे मारायची यावर सगळे अवलंबून आहे. समजा, एखादी यंत्रणा शंभरात एकदाच चुकून परक्या माणसाला ‘तोच’ म्हणते. मोबाइल उघडायला हे चालेल. पण एका धमकीच्या फोनचा आवाज दहा हजार लोकांच्या साठवलेल्या आवाजांशी ताडला, तर हीच यंत्रणा शंभर निरपराध माणसांकडे बोट दाखवेल. ‘हा तोच आहे का?’ आणि ‘यांपैकी कोण?’ हे दोन प्रश्न दिसायला सारखे आहेत, पण दुसऱ्याचे उत्तर कितीतरी जास्त धोक्याचे.

भांडणाच्या ध्वनिफितीत आणखी एक अडचण असते. ती फीत रागाची, ओरडण्याची, बहुधा खिशातल्या किंवा टेबलावरच्या मोबाइलने टिपलेली. नमुना मात्र प्रयोगशाळेतल्या शांत खोलीत, समोर कागद ठेवून, सावकाश वाचून घेतलेला. वाचणाऱ्याला ठाऊक असते की आपला आवाज तपासला जाणार आहे. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१६ मध्ये सुधीर चौधरी प्रकरणात सांगितले की, नमुन्याच्या मजकुरात वादग्रस्त संभाषणातले शब्द असू शकतात, पण त्यातली वाक्ये जशीच्या तशी वाचायला लावू नयेत. आरोपीच्या दृष्टीने हे योग्यच आहे. शास्त्राच्या बाजूने पाहिले तर त्यामुळे दोन फितींतले अंतर आणखी वाढते. रागातला आवाज आणि वाचनातला आवाज ताडताना यंत्राच्या चुका वाढतात. म्हणून अशा यंत्राची अचूकता सांगताना ती कसल्या फितींवर मोजली, हे सांगितले नाही तर त्या आकड्याला अर्थ नाही.

आणि कोणाच्या आवाजांवर मोजली, हेही. या यंत्रणांचा मोठा भाग ‘व्हॉक्ससेलेब’ नावाच्या संग्रहावर शिकला आहे. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०१७ मध्ये यूट्यूबवरच्या मुलाखतींतून १२५१ प्रसिद्ध व्यक्तींचे आवाज गोळा केले, पुढच्या वर्षी हा आकडा सहा हजारांच्या पुढे नेला. त्यात भरणा इंग्रजी बोलणाऱ्या पाश्चात्त्यांचा. या संग्रहावर बेतलेली यंत्रणा स्त्रियांच्या आणि अमेरिकेबाहेरच्या लोकांच्या आवाजांवर जास्त चुकते, असे २०२२ मध्ये नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट विद्यापीठाच्या संशोधकांना आढळले.

आता तुळिंजच्या एखाद्या चाळीत उभे राहून ऐकावे. एका दारातून मालवणी, पलीकडून भोजपुरी, जिन्यावर गुजराती. वसईची स्वतःची बोली तर वेगळीच: सामवेदींची कादोडी, वाडवळी, आगरी, कोळी. आवाज जुळण्याला किती वजन द्यायचे, हे ठरवताना दोन प्रश्न विचारावे लागतात. हाच माणूस असेल तर दोन फिती इतक्या सारख्या निघण्याची शक्यता किती? आणि त्याच वस्तीतला, त्याच वयाचा, तशीच भाषा बोलणारा दुसरा कोणी असेल तर किती? या दोन शक्यतांचे गुणोत्तर म्हणजे पुराव्याचे वजन. युरोपातल्या न्यायवैद्यक संस्थांच्या जाळ्याने २०१५ मध्ये आवाजतपासणीसाठी जी मार्गदर्शक पद्धत घालून दिली, ती याच विचारावर उभी आहे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर द्यायला त्या वस्तीतल्या लोकांचे आवाज मोजलेले असावे लागतात. लंडनच्या मुलाखतींतून नालासोपाऱ्याचे उत्तर मिळणार नाही.

माणसाची ओळख कधी आवाजापेक्षा शब्दांतून पटते, याचे उदाहरण महाराष्ट्राला ठाऊक आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात दहशतवाद्यांना फोनवरून सूचना देणाऱ्यांची संभाषणे टिपली गेली होती. त्यांतला एक जण ‘प्रशासन’ असा शब्द वापरत होता. पाकिस्तानी माणूस सहसा असे बोलत नाही, म्हणून तो भारतीय असावा असा संशय तपास करणाऱ्यांना आला. २०१२ मध्ये सौदी अरेबियातून आणलेल्या बीड जिल्ह्यातल्या एका आरोपीवर तो आवाज त्याचाच असल्याचा आरोप ठेवला गेला. बाकीच्या सूत्रधारांचे आवाज फितीत आहेत, पण पाकिस्तानने नमुने दिले नाहीत. ताडायला दुसरी बाजूच नसेल तर कितीही हुशार यंत्र हात चोळत बसते.

भारतात नमुना मागण्याचा अधिकार आता पक्का झाला आहे. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचे यावर एकमत झाले नव्हते. न्या. रंजना देसाई यांच्या मते दंडाधिकाऱ्याला हा अधिकार होता, न्या. आफताब आलम यांच्या मते कायद्यात तशी तरतूद नव्हती. २ ऑगस्ट २०१९ रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने रितेश सिन्हा प्रकरणात निकाल दिला की दंडाधिकारी असा आदेश देऊ शकतात आणि त्याने स्वतःविरुद्ध साक्ष न देण्याच्या हक्काचा भंग होत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३४९ मध्ये तर आवाजाचा नमुना स्पष्ट शब्दांत आला. नमुना घेण्याची वाट मोकळी झाली. घेतलेल्या नमुन्याची तपासणी कोणत्या पद्धतीने करावी, चुकीचे प्रमाण किती चालेल आणि ते न्यायालयापुढे कसे मांडावे, यावर ते कलम काही बोलत नाही.

आवाजातून फक्त ओळख निघते असेही नाही. सप्टेंबर २०२० मध्ये मुंबई महापालिकेने गोरेगावच्या नेस्को केंद्रात आवाजावरून कोविड ओळखता येतो का, याचा प्रयोग हाती घेतला होता. इस्रायली कंपनीची यंत्रणा, सुमारे हजार जणांवर चाचणी करण्याचा बेत आणि जोडीला नेहमीची आरटीपीसीआर. कोविडची चाचणी म्हणून आवाज काही रुजला नाही. पण पार्किन्सनसारख्या विकारात आवाज मऊ आणि एकसुरी होतो हे डॉक्टरांना जुनेच ठाऊक आहे आणि नैराश्याच्या खुणाही आवाजात शोधल्या जात आहेत. म्हणजे बँकेने ‘ओळख’ म्हणून साठवलेल्या आवाजात ग्राहकाच्या प्रकृतीची माहितीही पडून असते. २०११ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी आवाजाच्या खुणांना संवेदनशील माहितीत धरले होते. २०२३ च्या विदा संरक्षण कायद्यात संवेदनशील माहितीचा असा वेगळा वर्गच नाही. उलट बाजूही पाहावी: तंबाखूने झालेल्या घशाच्या कर्करोगात स्वरयंत्र काढावे लागलेल्या किंवा थायरॉइडच्या शस्त्रक्रियेनंतर आवाज बसलेल्या माणसाला, आवाज हाच पासवर्ड असलेली बँक दारातच अडवणार.

या सगळ्याला २०१८ नंतर नवे वळण मिळाले. त्या वर्षी गूगलच्या संशोधकांनी दाखवले की आवाज ओळखायला शिकलेल्या जाळ्याचे आकडे बोलणाऱ्या यंत्राला दिले, तर ते त्या माणसाच्या आवाजात, त्याने कधी न म्हटलेले वाक्य बोलते. नमुना काही सेकंदांचा पुरतो. जानेवारी २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने तीन सेकंदांवर भागवले. कुलूप ज्या किल्लीने तपासायचे तीच किल्ली बनवण्याच्या साच्यात गेली. २०१७ मध्येच एका ब्रिटिश बँकेच्या आवाजपरीक्षेला ‘बीबीसी’च्या वार्ताहराच्या जुळ्या भावाने गुंगारा दिला होता, तोही नकला करून, आठव्या प्रयत्नात. २०२३ मध्ये एका पत्रकाराने दुसऱ्या बँकेतले स्वतःचे खाते संगणकाने बनवलेल्या स्वतःच्याच आवाजाने उघडून दाखवले. खोटा आवाज पकडणारी यंत्रेही आहेत, २०१५ पासून त्यांच्या जागतिक स्पर्धा होतात. मात्र नेहमीचा अनुभव असा की शिकवलेली नक्कल ती पकडतात आणि नव्या पद्धतीने केलेली हातची सुटते.

न्यायालयातही याचे दोन्ही बाजूंनी पडसाद उमटतील. खोटी फीत पुरावा म्हणून येऊ शकते, तसेच खऱ्या फितीतला आरोपी ‘तो मी नव्हेच, ते संगणकाने बनवले’ म्हणू शकतो. घरात मारहाण सोसणाऱ्या बाईने चोरून केलेले ध्वनिमुद्रण हा अनेकदा तिच्याकडचा एकमेव पुरावा असतो. त्यावर असा संशय घेणे सोपे होईल. म्हणून मूळ फोन वेळेत जप्त होणे, फीत कोणाच्या हातातून कशी गेली याची नोंद राहणे, हे यंत्राच्या गुणांपेक्षा मोलाचे ठरणार आहे. ते तालुक्यातल्या पोलिस ठाण्यात व्हायला हवे, दिल्लीच्या प्रयोगशाळेत नाही.

राज्याला करण्यासारख्या गोष्टी फार खर्चाच्या नाहीत. कलिन्याच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेने आवाजाच्या अहवालात ‘बहुधा’ऐवजी शक्यतांचे गुणोत्तर द्यावे. वापरलेली यंत्रणा मराठी, तिच्या बोली आणि मोबाइलवरच्या फिती यांवर किती चुकते, याची चाचणी विद्यापीठांच्या मदतीने करून ती जाहीर करावी. बचाव पक्षाच्या तज्ज्ञाला त्याच फिती आणि तेच गुण तपासायला मिळावेत. आणि केवळ आवाजावर खाते उघडून देणाऱ्या बँकांना तसे करण्यापासून रोखावे.

फसवणारे मात्र या कशाचीही वाट पाहत नाहीत. २०१९ मध्ये ब्रिटनमधल्या एका ऊर्जा कंपनीच्या प्रमुखाने जर्मनीतल्या साहेबांचा ‘आवाज’ ऐकून २ लाख २० हजार युरो पाठवून दिले. आवाज बनावट होता. तुळिंजमधल्या आजीला एवढ्या रकमेसाठी कोणी फोन करणार नाही. ‘आई, अपघात झालाय, वीस हजार पाठव’ एवढे पुरेल. लंडनमधल्या संशोधकांनी २०२३ मध्ये ५२९ लोकांना खरे आणि बनावट आवाज ऐकवले, तेव्हा बनावट आवाज ७३ टक्के वेळाच ओळखता आला. तेही शांतपणे, पुढ्यात प्रश्न ठेवलेला असताना. घाबरलेल्या आईच्या कानाकडून जास्त अपेक्षा ठेवणे चूक आहे. असा फोन आला की तो ठेवावा आणि मुलाच्या नेहमीच्या नंबरवर आपण लावावा. घरात एखादा खुणेचा शब्द ठरवून ठेवता येतो, जो फोनवर कधीच बोलला जात नाही, फक्त विचारला तरच सांगितला जातो. पैसे गेलेच तर १९३० हा सायबर मदत क्रमांक लगेच फिरवावा. रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात सरकण्याआधी ती गोठवता येते आणि त्यासाठी पहिले काही तासच हाताशी असतात.